चिलेरेला सरळ हाड नसतं

कोरोनेल बोगादो, पराग्वे
७ मार्च २०११

क्रिस्पुलोमामा,

मी डेल्सी. असुन्ताची मुलगी, तुझी भाची. शेवटचं पत्र मी तुला नऊ वर्षांची असताना लिहिलं होतं, त्यात एक सायकल मागितली होती. आता चोवीस वर्षांची आहे आणि परत काहीतरी मागायलाच लिहितेय, म्हणजे माणूस बदलत नाही.

फोन केला असता, पण आई म्हणते की ग्राइंडरने तुझे कान गेलेत आणि मोबाइलच्या बटणांवर तुझं बोट मावत नाही. म्हणून हे पत्र मोंगेलोसबरोबर. तो चिलीतल्या इकिकेहून ट्रकवर आठ-आठ गाड्या लादून डोंगर ओलांडून इकडे आणतो आणि रिकामा परत जातो. पिशवीत आईने भाजलेल्या चीजच्या चिपा आहेत. पोचेपर्यंत दगड होतील. गरम कोसिदोत बुडवून खा. आईने सांगितलंय की तिच्या भट्टीला तू केलेलं लोखंडी दार पंचवीस वर्षांनीही घट्ट बसतं, तू प्रत्येक कामावर खूण म्हणून मारतोस ते तीन ठिपके अजून दिसतात आणि ती रोज पहाटे त्या ठिपक्यांना शिव्या देते, कारण दार तिथे आहे आणि तू नाहीस.

आता काम. अंगणातल्या आंब्याखाली मी गॅरेज चालवते. एक जॅक, एक साखळी, आणि लापाचो लाकडाचे ओंडके. आईची जुनी व्हिट्झ गाडी, जिच्यातून ती वीस गावांना चिपा पोचवायची, ती मी रॅलीच्या शर्यतीसाठी तयार केली. बावीस मेला आमच्या जिल्ह्याची रॅली आहे, लाल मातीची. नाव द्यायला गेले. क्लबचे तपासनीस डॉन हाइनर, टेपशिवाय जेवायलासुद्धा न बसणारा माणूस. त्यांनी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मापलं. डावी बाजू सहा मिलीमीटरने कमी.

"चिलीमार्गे आलेली ना? चिलेरे?" म्हणाले.
"हो."
"मग बरोबर आहे. चिलेरेला सरळ हाड नसतं, पोरी."

एकोणीस माणसं हसली. मी मोजली.

नियम चार मिलीमीटरचा आहे. मी म्हटलं, सरळ करून आणते. ते म्हणाले, आण, पण पहिला टप्पा संपला की परत मापीन, कारण तुमच्या गाड्या सकाळी सरळ असतात आणि दुपारी वाकड्या. तेव्हाही चारच्या आत बसलीस तर वर्षभराच्या रॅलीत तुझं नाव. नाही तर चिपा विक.

घरी येऊन खाली शिरले. इंजिन आणि पुढची चाकं जिच्यावर बसतात ती सबफ्रेम, ती चौकटच वाकडी बसवलीय. तिकडे जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे आणताना ती खाली उतरवतात ना, तेव्हा कुणा गाढवाने परत चढवताना मागे खेचून आवळली. वर डाव्या बोल्टशी डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून पाचर मारलीय! पट्टीवर माशाचं शेपूट छापलेलं आहे. इतका आळशी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

तर मला त्या ॲल्युमिनियमच्या कॉलर हव्यात. जपानी. बोल्टभोवती बसणाऱ्या आठ कड्या. तिकडे फ्री झोनमधे मिळतात असं ऐकलं. पाठवशील?

तुझी
डेल्सी


इकिके
१६ मार्च

डेल्सी पोरी,

पत्र मिळालं. चिपा कोसिदोत बुडवल्या, तरी वरच्या दाढेचा तुकडा गेला. असुन्ताला सांग, चव तीच आहे.

तू कॉलरबद्दल विचारलंस. चांगली वस्तू आहे. कारखान्यात चौकट लवकर चढावी म्हणून भोक मोठं ठेवतात आणि बोल्ट बारीक. चहूबाजूंनी अडीच-तीन मिलीमीटर मोकळं. बोल्ट कितीही आवळ, खड्ड्यात आदळलं की चौकट त्या मोकळ्या जागेत सरकते. चाकापर्यंत पोचेस्तोवर तीनाचे सहा होतात. कॉलर मऊ धातूची असते, निमुळती. एक वरून, एक खालून. बोल्ट आवळला की ती दबते, पसरते, आणि भोकातली सगळी फट भरून टाकते. चौकट मधोमध येते आणि तिथेच राहते. मग स्टिअरिंग वळवलं की गाडी विचार करत बसत नाही, वळते. खडखड जाते. चाकांचं माप टिकतं, टायर एका बाजूने झिजत नाही. जुनी गाडी चालवताना वाटतं की कुणीतरी तिचे सगळे सांधे परत आवळले.

पण सगळ्या गाड्यांना ती चालत नाही. तुझ्या गाडीला नको. माझं ऐक. दुकानात संपल्यातही.

दुसरी गाडी बघ. किंवा यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

ती पट्टी म्हणतेस, तिच्यावरचं शेपूट कुठल्या रंगाचं आहे? आणि असुन्ताने गाडी कधी घेतली, कुठून? सहज विचारतो.

तुझा मामा
क्रिस्पुलो

(पाकिटाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात:)
पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. दुकानात ढीग आहे. मी स्वतः पाहिला. मामा खोटं का बोलला माहीत नाही. मी फक्त ट्रक चालवतो. – मोंगेलोस


कोरोनेल बोगादो
२६ मार्च

मामा,

संपल्यात? वा!

ढीग आहे. कुणी सांगितलं ते सांगणार नाही, पण त्या माणसाला मी आईच्या दोन डझन चिपा दिल्या.

सरळ लिहायचं होतंस ना, की डेल्सी, तू मुलगी आहेस, तुझं गॅरेज झाडाखाली आहे, तुझ्याकडे एकच जॅक आहे, तुला जमणार नाही. मी रागावले असते आणि विसरले असते. पण तू दीड पान कॉलरचं कौतुक करतोस. इतकं सुंदर की मी ते आईला वाचून दाखवलं. आणि शेवटी म्हणतोस, तुझ्या गाडीला नको. का? माझी गाडी चिलेरे आहे म्हणून? मामा, तू अकरा वर्षं तिकडे याच गाड्यांची स्टिअरिंगं इकडून तिकडे करतोयस. तुझं पोट चिलेरेवर चालतं आणि तूही डॉन हाइनरसारखाच बोलतोस? तो निदान तोंडावर हसला.

कॉलर मोंगेलोस आणेल. मी बसवणार. चौकट मधोमध आणणार. बावीस मेला पळणार. शेजारच्या सीटवर रस्ता वाचायला कोण बसणार आहे माहितीय? आई. हसू नकोस. वीस वर्षं तिने त्या रस्त्यांवर चिपा विकल्यात. कुठल्या वळणावर रेती आहे, कुठे नाला आहे, कुठे कुणाचं कुत्रं आडवं येतं, तिला पाठ आहे. तिने स्वतःसाठी हेल्मेटसुद्धा आणलंय. त्यावर देवीचं चित्र चिकटवलंय.

आणि तुझ्या "सहज" प्रश्नाचं उत्तर. शेपूट निळं, कडेला पिवळी रेघ. गाडी आईने २००६ साली एन्कार्नासिओनच्या लॉटमधून घेतली. मागच्या काचेवर जपानी बालवाडीचा स्टिकर होता, ससा. अजून आहे. मिळालं समाधान?

डेल्सी


(कॉलरच्या खोक्याबरोबर, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर)
१२ एप्रिल

डेल्सीबाई, आठही कड्या आहेत, मोजून घ्या. मामाने उत्तर दिलं नाही. तुमचं पत्र त्याने माझ्यासमोर वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि चष्म्याशिवाय तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाला, "ससा." बास, एवढंच. मी विचारलं, काय ससा? तो उठून गेला. – मोंगेलोस


इकिके
२० एप्रिल

डेल्सी,

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत गाडीला हात लावला नसशील तर लावू नकोस. लावला असशील तर स्टिअरिंग फिरवू नकोस. असुन्ताला त्यात बसवू नकोस.

तो गाढव मी आहे.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच शंका आली होती. माशाची पट्टी या अख्ख्या शहरात फक्त मी मारतो. बाकीचे बियरचा डबा कापतात. मी दुपारी हुरेल मासा खातो, डबा हाताशी असतो. पण स्वतःला म्हटलं, शेकडो गाड्या जातात, ही कशावरून आपली? मग तू सशाचा स्टिकर लिहिलास. ती गाडी मला आठवते. मी तो ससा काढायला लागलो होतो, मग राहू दिला.

मी ती चौकट आळसाने वाकडी बसवली नाही. मुद्दाम वाकडी बसवली. स्टिअरिंग डावीकडे आणलं की स्टिअरिंगच्या खांबापासून खालच्या यंत्रापर्यंत एक जोडदांडा लागतो. त्या मॉडेलचा बरोबर लांबीचा दांडा मालक आणत नव्हता. त्याच्याकडे दुसऱ्याच गाडीच्या दांड्यांचं पिंप भरलेलं होतं. सगळे आठ मिलीमीटर तोकडे. दांडा पुढे पोचेना, म्हणून मी चौकटीची डावी बाजू भोकातल्या मोकळ्या जागेत मागे ओढली, पट्टीची पाचर मारली, आवळली. पोचला. जेमतेम दातांत. ही माझीच युक्ती. मग बाकीच्यांनी उचलली. मी तेव्हा खूश होतो, डेल्सी. मालकाने पाठ थोपटली होती.

आता तू कॉलर घातल्यास की चौकट मधोमध येणार. म्हणजे पुढे जाणार. दांडा जेमतेम टोकावर राहणार. सरळ रस्त्यावर कळणारही नाही. पूर्ण डावीकडे वळवलंस की अडकेल, नाही तर निसटेल.

दुकानात कॉलर संपल्या असं मी का लिहिलं ते आता कळलं असेल. पहिल्याच पत्रात खरं सांगायला हवं होतं. तू मला नऊ वर्षांची असताना सायकल मागितली होतीस. तीही मी पाठवली नव्हती.

क्रिस्पुलो

(कडेला:)
हे मी हामा खिंडीत वाचलं. चार हजार मीटरवर फोनला सिग्नल नाही. खाली उतरून तीनदा केला. उचला हो! – मोंगेलोस


कोरोनेल बोगादो
२४ एप्रिल, ईस्टरचा रविवार

मामा,

तुझं पत्र आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही, तरी लिहितेय, कारण काल घडलं ते ज्याला सांगायचं तो तूच आहेस.

शनिवारी कॉलर बसवल्या. एक जॅक, म्हणून आधी डावी बाजू, मग उजवी. चौकटीखाली ओंडके रचले. एकेक बोल्ट सैल करून चौकट दोन बोटं खाली घेतली. तुझी... त्या गाढवाची पट्टी चिमट्याने उपटून काढली. भोकं तारेच्या ब्रशने चकचकीत केली, ग्रीस लावलं, वरून एक कडी, खालून एक कडी, आडवेतिडवे बोल्ट आवळत आणले. चौथ्या बोल्टला ती कडी दबताना पान्यातून हाताला कळतं. काहीतरी मऊ हलतं आणि मग थांबतं. मग हलतच नाही. मापलं. दोन्ही बाजूंत एक मिलीमीटरचा फरक. एक!

चॅपेलपर्यंत नेली. मामा, तू लिहिलं होतंस ते अक्षरन् अक्षर खरं. रेल्वेच्या जुन्या रुळांवरून गेले तर खडखड नाही, एकच ठोका. हात उचलला तरी नाकासमोर जात होती. मी एकटीच गाडीत बसून ओरडत होते.

परत येताना अंगणात पूर्ण डावीकडे वळवलं आणि स्टिअरिंग अडकलं. दगडासारखं. समोर भट्टी, भट्टीसमोर आई, पाठमोरी, चिपाचा पत्रा बाहेर काढत होती. मी ब्रेकवर उभी राहिले, हँडब्रेक ओढला. गाडी आईपासून एक हात लांब थांबली. आईने वळून बघितलं आणि म्हणाली, "हॉर्न दे ना, मेली! पत्रा पडला असता."

तिला वाटलं मी मस्करी करतेय. मी अजून सांगितलेलं नाही.

सगळं उघडलं. जोडदांडा टोकाला लटकलेला. एक नखभर उरला होता. हातात घेऊन पुसला तर ग्रीसखाली तीन ठिपके. त्रिकोणात. मी भट्टीजवळ गेले, दारावरचे ठिपके बघितले. परत येऊन दांडा बघितला. असं चार वेळा केलं.

आता मला समजलं तू शेपटाचा रंग का विचारलास.

तू मला सांगितलं नाहीस. तीन आठवडे तुला माहीत होतं. मी लिहिलं होतं की आई शेजारी बसणार आहे.

२७ एप्रिल, पुढे –

आज मोंगेलोस आला. ट्रकमधून उतरायच्या आधी ओरडला, "फिरवू नका!" मी म्हटलं, फिरवून झालं. त्याने तुझं पत्र दिलं. मी वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, सगळं. तिने पिठाचा गोळा पाटावर आपटला. मग म्हणाली, "लहानपणीही असाच. दूध सांडलं की मांजराकडे बघायचा."

मामा, मी रडणार नाही आणि तूही रडू नकोस, वेळ नाही. पंचवीस दिवस उरलेत. मी माघार घेणार नाही. चौकट परत मागे ओढणार नाही. पाचर मारणार नाही. डॉन हाइनर मला म्हणाला होता तुझ्या गाडीला सरळ हाड नसतं, आणि आता मला माहितीय की हाड सरळच होतं. ते तू मागे ओढलंस.

माफी नको. माप पाठव. बरोबर दांडा किती लांब, दातांची खोली किती, सगळं.

डेल्सी


इकिके
५ मे

डेल्सी,

माप पाठवतोय. मागच्या बाजूला काढलंय, आकडे दोनदा तपासलेत, माझ्याबरोबर काम करणाऱ्या फर्मीनकडूनही तपासून घेतले.

दांडाही पाठवतोय. अपघातात मागून चेपलेल्या, जन्मापासून डाव्या हाताच्या एका गाडीचा काढला. अखंड आहे. कापलेला नाही, जोडलेला नाही. तूच माप धर, जुळला तर घाल, नाही जुळला तर फेकून दे. माझ्या शब्दावर घालू नकोस. बसवल्यावर पुढची चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरव. मग असुन्ताकडून फिरवून घे.

आणखी एक. काल मालकाने परत पिंपाकडे बोट दाखवलं. एक चांदीरंगाची गाडी होती, पराग्वेलाच जाणारी. मी म्हटलं, तोकडा दांडा मी लावणार नाही. तो म्हणाला, "क्रिस्पुलो, अकरा वर्षं लावलेस, आज काय झालं?" मी म्हटलं, आज माझी बहीण बसलीय त्यात. त्याला कळलं नाही. मी ओरडून सांगितलं. कान गेल्यापासून मला माझा आवाज कळत नाही, फर्मीन म्हणतो समोरच्या गल्लीत ऐकू गेलं. मालक म्हणाला, मग घरी जा. मी हत्यारं पिशवीत भरली. कोपऱ्यावर जाऊन एक हुरेलचा डबा खाल्ला. डबा तिथेच टाकला.

या दांड्यावर मी ठिपके मारलेले नाहीत. बघून घे.

क्रिस्पुलो

(पाकिटाच्या मागे:)
या वेळी त्याने पाकीट उघडंच दिलं. म्हणाला, वाच, तू नाही तरी वाचतोसच. – मोंगेलोस


कोरोनेल बोगादो
२३ मे

मामा,

दांडा जुळला. तुझ्या मापापेक्षा अर्धा मिलीमीटर जास्त आहे, म्हणजे एकतर तुझा चष्मा बदल किंवा टेप. चाळीस वेळा फिरवलं. आईने वीस वेळा, प्रत्येक फेरीला एकेका संताचं नाव घेत, आणि शेवटच्या फेरीला तुझं. शिवी देऊनच.

आता ऐक. शनिवारी तपासणी. बॉनेटवर मी लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चिलेरे. डॉन हाइनर बघून म्हणाले, "हे पूस."
"नियम दाखवा," मी म्हटलं.
नियम नव्हता. त्यांनी टेप लावली. एक मिलीमीटर. त्यांनी टेप झटकली, परत लावली. एक.
"बघू दुपारी," म्हणाले.

रविवारी पहिला टप्पा, बावीस किलोमीटर. रात्री पाऊस पडून गेला होता, लाल माती साबणासारखी. आई शेजारी. तिने कागदावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. "आता डावीकडे, इथे एलादियाचं कुत्रं... गेलं वाटतं बिचारं, जा जोरात... पुढे नाला, उजव्या बाजूला धर, डाव्या बाजूला मी तीनदा रुतलेय..." नाल्यातून आम्ही इतक्या जोरात गेलो की तिच्या हेल्मेटवरची देवी सुटून पडली. गाडी पडली, उठली, आणि सरळ गेली. प्रत्येक खड्ड्यानंतर मी वाट बघत होते की आता चौकट सरकेल, आता स्टिअरिंग एका बाजूला ओढेल. काही नाही. जिकडे बघत होते तिकडे जात होती.

शेवटाला डॉन हाइनर उभे. मातीने माखलेल्या चाकाशी गुडघे टेकून बसले, टेप लावली. सगळे जमले होते. त्या दिवशी हसलेले एकोणीसच्या एकोणीस.

"एक," म्हणाले. अगदी हळू.

"मोठ्याने सांगा!" हे मी नाही, आई ओरडली.

"एक मिलीमीटर!"

मग मी म्हटलं, डॉन हाइनर, आता सगळ्यांच्या मापा. नव्याकोऱ्या, शोरूममधून घेतलेल्या, सगळ्या. दुपारी फक्त चिलेरेच वाकडी होते ना? मापा की. एकजण म्हणाला, हिचं डोकं फिरलंय. पण एक सांगते मामा, तो म्हातारा टेपशी खोटं बोलत नाही. रांगेतल्या पहिल्या गाडीशी गेला. तीन. दुसरी, दोन. चौथी त्याच्या सख्ख्या पुतण्याची, दोन वर्षं जुनी. पाच. त्याने परत मापलं. परत पाच. टोपी काढली, डोकं खाजवलं, वहीत लिहिलं आणि पुतण्याला म्हणाला, "गाडी बाजूला घे." पुतण्या अजून त्याच्याशी बोलत नाही.

आम्ही शेवटी अकरावे आलो. एकोणिसांत. माझं नाव वर्षभराच्या यादीत आहे. शाईने.

जाताना डॉन हाइनर माझ्याजवळ आले. "काय घातलंयस खाली?"
"आठ कड्या आणि एक अखंड दांडा."
"माझ्या पुतण्याला घालून देशील?"
"रांगेत यायला सांगा," मी म्हटलं.

आता खरं. यासाठीच लिहायला बसले.

आज सकाळी आंब्याला पाटी लावली. "चिलेरे सरळ करून मिळेल." दुपारपर्यंत तीन गाड्या. दुसरी शाळेतल्या बाईंची, मागे तीन मुलं, हातात आइसक्रीम. खाली शिरले. डाव्या बोल्टशी माशाचं शेपूट. निळं, कडेला पिवळी रेघ. दांड्यावर तीन ठिपके. मी बाईंना म्हटलं, गाडी इथेच ठेवा, मुलांना चालत न्या. त्या म्हणाल्या, पाच वर्षं चालवतेय, काही होत नाही. मी म्हटलं, होत नाही तोवर होत नाही.

तू लिहिलंस अकरा वर्षं. आठवड्याला किती? पाच? दहा? त्या सगळ्या इथेच फिरतायत मामा, आपल्याच लोकांना घेऊन. मी एकटी, एका जॅकने, किती उतरवू? तू तिकडे बसून मला मापं पाठवणार? तू एकदा मालकासमोर ओरडलास, छान केलंस, मला अभिमान वाटला, आईलाही वाटला, पण ती सांगणार नाही. आता पुढे काय? कोपऱ्यावर बसून डबे खाणार?

संध्याकाळपर्यंत एन्कार्नासिओनच्या लॉटमधून बरोबर लांबीचा दांडा शोधून आणला आणि शाळेतल्या बाईंच्या गाडीला घातला. तिच्यातून काढलेल्या तुझ्या जुन्या दांड्यावर, तीन ठिपक्यांच्या शेजारी, मी चौथा ठिपका मारला आणि तो भट्टीच्या दारावर टांगला. चौथा माझा. ज्या गाडीचं काम मी उलटवेन तिचा दांडा तिथे टांगला जाईल. आई म्हणते भट्टी दिसेनाशी होईल.

उत्तर दे. आणि या वेळी खरं.

डेल्सी


(हुरेलच्या डब्यांच्या खोक्याच्या फाडलेल्या पुठ्ठ्यावर)
इकिके
५ जून

डेल्सी,

आठवड्याला दहा.

दुसरा जॅक घेऊन ठेव.

क्रिस्पुलो

(खाली, दुसऱ्या अक्षरात:)
हे पत्र आणि हा माणूस एकाच ट्रकमधून, एकाच वेळी तुमच्या दारात पोचणार आहेत. मी म्हटलं, मग लिहिता कशाला, तोंडाने सांगा. म्हणतो, भाचीने उत्तर मागितलंय, उत्तर न देता कसं जायचं? मांडीवर एक नवीकोरी सायकल आडवी धरून बसलाय. चोवीस वर्षांच्या बाईला ती लहान पडेल असं मी सांगितलं, त्याला ऐकू आलं नाही. आईला सांगा, भट्टी पेटवा. – मोंगेलोस